आधी वाट बुडते

जुलै-ऑगस्टमध्ये पंढरपूरच्या एसटी स्टँडवर, टेंभुर्णीच्या चहाच्या टपरीवर किंवा माढ्याच्या बाजारात दोन ओळखीची माणसे भेटली की एक प्रश्न हमखास कानावर पडतो : ‘दौंडला किती आहे?’ पुण्याकडच्या धरणांतून सुटलेले पाणी दौंडजवळ किती क्युसेकने वाहते आहे, असा त्याचा अर्थ. सोलापूरवरचे आभाळ कोरडे ठणठणीत असले तरी दौंडचा आकडा वाढला की उजनी भरत येते, उजनी भरली की दारे उघडतात आणि दारे उघडली की चंद्रभागेच्या वाळवंटात पाणी शिरते, हे इथल्या शेतकऱ्याला पाठ असते. त्याच वाळवंटात राहुटी टाकून झोपलेल्या परगावच्या माणसाला यातले काहीच माहीत नसते. पाण्यालगतच्या वाळूवर मुक्काम करण्याचा सगळा प्रश्न या दोन माणसांमधल्या अंतरात आहे.

हा मुक्काम आता फक्त वारीपुरता राहिलेला नाही. उजनीच्या फुगवट्याच्या काठावर शनिवार-रविवारी तंबू लागतात. दिवाळीत आणि मे महिन्यात सोलापूरच्या गाड्या कोल्हापूरमार्गे घाट उतरून तारकर्ली-देवबागला जातात, समुद्राला लागून असलेल्या तंबूत उतरतात. नदीचे पात्र, धरणाचा काठ आणि समुद्रातला वाळूचा दांडा या तीन जागा दिसायला अगदी वेगळ्या. पण अपघातांचा माग काढत गेले की पात्रात आणि दांड्यावर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, धरणाच्या काठाची तऱ्हा थोडी निराळी. पाणी तंबूच्या दारातून येत नाही. ते आधी पाठीमागच्या सखल भागात भरते आणि परतीची वाट बुडवते. माणूस समोरच्या पाण्याकडे बघत बसलेला असतो आणि तोवर त्याच्या पायाखालच्या जमिनीचे बेट झालेले असते.

सुरुवात चंद्रभागेपासून करू. भीमा पंढरपूरजवळ चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून ती तिथे चंद्रभागा. त्या वळणावर वाळू साचली आणि वारकऱ्यांना पुंडलिकाच्या देवळाभोवतीचे मोठे अंगण मिळाले. चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी या चारही वाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या इथे फड लागले, कीर्तने झाली, लोक वाळूत झोपले. दहाएक वर्षांपूर्वी मुंबई उच्च न्यायालयाने या मुक्कामावर निर्बंध आणले. त्यामागचे कारण पूर नव्हते, पात्रात होणारी घाण होती. त्याच काळात नदीच्या पलीकडच्या तीरावर प्रशासनाने ६५ एकरांचा तळ उभा केला, तिथे पाणी, शौचालये आणि दिवाबत्तीची सोय केली. माझ्या मते वारकऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी गेल्या काही दशकांत झालेले हे सर्वांत मोलाचे काम आहे, आणि त्याचे श्रेय जेवढे मिळायला हवे होते तेवढे मिळालेले नाही. माणूस उंच जागी झोपला की निम्मा धोका तिथेच संपतो. उरलेला निम्मा मात्र स्नानाला खाली उतरताना आणि कीर्तनाला वाळूत बसताना तसाच राहतो.

चंद्रभागेला येणारे पाणी एका ठिकाणाहून येत नाही, हे नीट समजून घ्यायला हवे. पहिली वाट उजनीची. भीमेवरच्या या धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा. उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्याच्याही खाली जाऊन ते ‘उणे’ होते आणि पुण्याच्या डोंगरात पाऊस लागला की काही आठवड्यांत भरून वाहू लागते. दुसरी वाट नीरेची. भोर-पुरंदरकडून येणारी नीरा वीर धरण ओलांडून नीरा नरसिंहपूरला भीमेत मिळते, आणि हा संगम उजनीच्या खाली आहे. म्हणून उजनीची दारे बंद असतानाही केवळ वीरच्या विसर्गाने चंद्रभागा फुगू शकते. ‘उजनीतून काही सोडलेले नाही’ एवढे ऐकून निर्धास्त झोपणारा माणूस अर्धीच बातमी ऐकून झोपलेला असतो. दौंड, उजनी, वीर आणि संगम असे चार आकडे विचारावेत. ते रोज जाहीर होतात आणि मोबाईलवर फिरत असतात.

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी. लाख क्युसेक म्हटले की सेकंदाला २८ लाख लिटर, पंढरपूरच्या घाटांसमोरून. त्याच्या कितीतरी आधीच जुना दगडी पूल पाण्याखाली जातो, पुंडलिकाच्या देवळाला पाणी लागते आणि पुढे व्यासनारायण वस्तीतली कुटुंबे हलवावी लागतात. गावकऱ्यांची मोजपट्टी हीच : पूल गेला, देवळाला पाणी लागले, वस्ती हलली. नव्या माणसानेही तीच वापरावी. कागदावरच्या आकड्यापेक्षा दगडी पुलाच्या कमानी लवकर कळतात.

पूर्वी एक ठोकताळा होता. आषाढीला उजनीत पाणीच नसते, स्नानापुरते सोडायला लावावे लागते, म्हणून पुराची भीती नाही. बहुतेक वर्षी हे खरे ठरायचे. २०२५ मध्ये मे महिन्यातच पाऊस लागला, उजनी लवकर वर आली आणि ६ जुलैच्या आषाढीआधीच नदीत विसर्ग सुरू झाला. कार्तिकीच्या बाजूनेही तसेच. परतीचा पाऊस ऑक्टोबरमध्ये किती कोसळतो ते २०२० ने दाखवले. १४ ऑक्टोबरला धुवाधार पावसात पंढरपूरच्या कुंभार घाटावरची भिंत कोसळली आणि आडोशाला थांबलेले सहा जण दगावले. ही माणसे पाण्यात बुडाली नव्हती. ती पावसापासून वाचायला भिंतीखाली उभी होती. पावसात आडोसा शोधताना जुनी उंच भिंत, नवे कच्चे बांधकाम आणि दरडीचा काठ टाळावा, ही गोष्ट मुक्कामाच्या सूचनांत क्वचितच सांगितली जाते, म्हणून ती इथे मुद्दाम सांगतो.

पूर नसतानाही चंद्रभागेत माणसे बुडतात, आणि ते अधिक जिव्हारी लागते. भीमेच्या पात्रातून वर्षानुवर्षे वाळू उपसली गेली. उपसलेल्या जागी खड्डे राहिले. वरून पाणी सारखेच दिसते, घोटाभर पाण्यातून चालणारा माणूस पुढच्या पावलाला छातीएवढ्या, डोक्याएवढ्या खड्ड्यात जातो. काठ भुसभुशीत असल्याने वर चढता येत नाही, हात लावावा तिथली वाळू ढासळते. पोहता येणाराही धोतर-लुगड्यात अडकतो. वाळू चोरणे हा महसुलाचा गुन्हा म्हणून मोजला जातो, पण त्या खड्ड्यांत गेलेल्या माणसांचा हिशेब कोणी त्या गुन्ह्यात धरत नाही. मला हे अन्यायाचे वाटते. स्नान करणाऱ्याने एवढे पाळावे : जिथे इतर लोक आधीच उभे आहेत तिथेच उतरावे, दोर बांधलेला असेल तर दोराच्या आत राहावे, पाय उचलून टाकण्याऐवजी सरकवत न्यावा, आणि कंबरेच्या वर पाणी आले की थांबावे. होडी चालवणारे कोळी बांधव पात्राची रोजची खोली ओळखतात. त्यांना विचारायला लाज कसली?

आमच्या गल्लीतल्या दिंडीचे एक वृद्ध विणेकरी मी लहानपणी पाहिले आहेत. वाळूत पथारी टाकण्याआधी ते दोन कामे करायचे. पाण्याच्या कडेला एक काठी रोवायची आणि तिला फडका बांधायचा. मग सगळ्यांना, अगदी म्हाताऱ्या बायकांनाही, पथारीपासून घाटाच्या पायरीपर्यंत एकदा चालवून आणायचे, पावले मोजत. रात्री लघवीला उठलेल्या प्रत्येकाने काठीकडे नजर टाकायची. काठी पाण्यात दिसली की बाकीच्यांना उठवायचे. पाऊलवाटेवर सखल भाग असेल तर ते पथारीची जागाच बदलत. समोरच्या पाण्याची त्यांना फारशी काळजी नसे, मधल्या सखलाची असे. पुढे किनाऱ्यांविषयी जे काही वाचले त्यात याहून नेमकी पद्धत मला सापडली नाही.

उजनीचा फुगवटा ही दुसरी जागा. उन्हाळ्यात पाणी मागे सरते, गाळपेरीच्या जमिनी उघड्या पडतात, पळसदेवचे बुडालेले देऊळ वर येते, हिवाळ्यात आलेले रोहित पक्षी उथळ पाण्यात दिसतात. तंबू लावायला मोह होणारच. इथे विसर्गाचा धोका नाही, धोका गाळाचा आणि वाऱ्याचा. नुकत्याच उघड्या पडलेल्या गाळावर वरचा थर वाळून भेगाळतो आणि आत चिखल तसाच राहतो. गाडी तर रुततेच, माणूसही मांडीपर्यंत जातो. ताजी नांगरट किंवा उगवलेले पीक असलेल्या पट्ट्याच्या पुढे पाण्याकडे जाऊ नये. शेतकऱ्याने जिथे पेरणी थांबवली तिथे त्याने काहीतरी पाहिलेले असते.

वाऱ्याचे काय ते २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कळले. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली होडी वळवाच्या वादळात सापडून उलटली. सात जण होते. एक पोहून काठाला लागला, सहा जण गेले, त्यात लहान मुलेही होती. हे पर्यटक नव्हते, रोजच्या वाटेने जाणारी माणसे होती. पण तो दिवस, ती वेळ आणि ते पाणी तंबूवाल्यांचेही आहे. मेच्या दुपारनंतर ढग काळवंडले, वारा एकदम पडला आणि मग उलट दिशेने थंड झुळूक आली की वळीव येऊन ठेपलेला असतो. विस्तीर्ण उथळ पाण्यावर त्या वाऱ्याने छोट्या, उभ्या, एकामागून एक लाटा उठतात आणि होडीला सावरायला वेळच देत नाहीत. दुपारी तीननंतर मेमध्ये होडीत बसू नये आणि लाइफ जॅकेट अंगात घातल्याशिवाय कधीच बसू नये. जॅकेट फळीखाली ठेवलेले असणे आणि नसणे सारखेच. आणखी एक तारीख शेजारी ठेवतो : २४ मे २०२२ ला तारकर्लीला पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघे दगावले. सुट्टीचे शेवटचे दिवस आणि पावसाळ्याचे पहिले वारे एकाच आठवड्यात येतात. मेचा शेवटचा पंधरवडा पाण्यावरच्या मुक्कामासाठी वर्ज्य मानावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी जागा देवबाग. मालवण तालुक्यात कर्ली नदी समुद्राच्या अगदी जवळ येऊनही लगेच त्यात मिळत नाही. ती किनाऱ्याला समांतर वाहते आणि बरेच पुढे जाऊन भोगव्याच्या बाजूला मुखाशी मिळते. नदी आणि समुद्र यांच्यामध्ये जो निमुळता वाळूचा दांडा उरतो त्यावर देवबाग वसले आहे. टोकाला मोबार म्हणतात. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये माड, घरे आणि तारकर्लीहून येणारा एकच रस्ता. दर पावसाळ्यात समुद्र इथली जमीन खातो, लोक बंधाऱ्याची मागणी करतात. १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा देवबागच्या लोकांनी दोन्ही पाण्यांच्या मध्ये अडकणे म्हणजे काय ते पुन्हा अनुभवले.

सोलापूरचा माणूस इथे भरती-ओहोटीला भितो, कारण त्याच्या नदीला ती नसते. खरे तर तिचे गणित त्याच्या घरातच टांगलेले आहे. दाते पंचांग सोलापुरातूनच निघते. कोकणातला जुना हिशेब असा की तिथीच्या अंकाला पाऊणने गुणावे, येईल तो भरतीचा तास. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरावा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. मुंबईला उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, मालवणकडे चढउतार त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो. पण सपाट पुळणीवर पाणी थोडे जरी वर चढले तरी ते आडवे खूप आत येते.

आता हे गणित पर्यटकाच्या आवडीशी ताडून पाहा. समुद्रकाठी तंबूत राहायला लोक चांदण्याची रात्र निवडतात, म्हणजे पौर्णिमा. त्या दिवशी उधाण, आणि रात्रीची भरती नेमकी बाराच्या सुमारास, सगळे गाढ झोपेत असताना. संध्याकाळी सहाला तंबू लावताना मात्र ओहोटी असते, पुळण लांबच लांब पसरलेली दिसते आणि ‘पाणी केवढे लांब आहे’ असे वाटते. तंबू कुठे लावायचा हे समुद्राला विचारू नये, वाळूला विचारावे. वाळलेल्या शेवाळाची, काटक्यांची आणि शिंपल्यांची जी शेवटची रेघ दिसते ती मागच्या उधाणाची खूण. तिच्या बरेच वर, वेली धरलेल्या उंचवट्याच्या मागे, पण खाडीकडच्या सखलात नाही, अशी जागा निवडावी.

मोबाराजवळ पोहू नये, ओहोटीत तर मुळीच नाही. तेव्हा नदी आणि समुद्र दोघेही एकाच दिशेला, बाहेर ओढतात. कर्लीच्या मुखाशी पर्यटक ज्याला सुनामी आयलंड म्हणतात त्या वाळूच्या उंचवट्यावर लोक होडीवाल्यांच्या भरवशावर जातात. परतीची वेळ होडीवाल्याने सांगितली की त्यावर हुज्जत घालू नये. मोकळ्या समुद्रात ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे थेट झुंजू नये, किनाऱ्याला समांतर सरकत ओढीच्या बाहेर यावे. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडला पुण्याच्या महाविद्यालयीन सहलीतले १४ विद्यार्थी गेले. पाऊस नव्हता, वादळ नव्हते. शांत दिसणाऱ्या समुद्रात ते उतरले होते. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते. दूरच्या महासागरात उठलेल्या लाटा स्वच्छ हवेतही कोकणात येऊन आदळतात, म्हणून आभाळ पाहून समुद्राचा अंदाज बांधू नये.

तिन्ही ठिकाणी सारखेच असलेले काही धोके थोडक्यात. उघड्या वाळूवर आणि पाण्यावर माणूसच सर्वांत उंच वस्तू ठरतो. गडगडाट ऐकू आला की पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जावे, तंबू वीज अडवत नाही आणि एकट्या झाडाखालची जागा सर्वांत वाईट. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप जवळ पडणाऱ्या विजांची सूचना देते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, चावा फारसा दुखत नाही, पहाटे पोट दुखून पापण्या जड होतात तेव्हा कळते. अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी हा यावरचा उत्तम उपाय आहे. चावल्यावर कापणे, घट्ट आवळणे, मांत्रिक यांत एक मिनिटही घालवू नये. विंचवाचेही तसेच. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकरांनी वापरात आणले आणि कोकणातली असंख्य मुले वाचली, पण त्यासाठी मूल वेळेत दवाखान्यात पोहोचले पाहिजे. बंद तंबूत शेगडी किंवा निखारे ठेवून झोपू नये. तिथे साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. आणि नदीचे पाणी तीर्थ म्हणून ओठाला लावणेही टाळावे. पंढरीच्या वाऱ्यांनी पटकीच्या साथी पाहिलेल्या आहेत.

हे सगळे माणसाने स्वतः पाळायचे. पण रात्री दोन वाजता विसर्ग वाढवायचा ठरला तर झोपलेल्या माणसाला कोण उठवणार?

इशारा वेळेत पोहोचला नाही की काय होते, याचे एक जुने उदाहरण पाहू. अमेरिकेच्या टेक्सास किनाऱ्यासमोर गॅल्व्हेस्टन नावाचे लांबट वाळूचे बेट आहे, देवबागचाच मोठा भाऊ म्हणावा असे. ८ सप्टेंबर १९०० ला तिथे चक्रीवादळ आले. शहराची सर्वांत उंच जागा पावणेतीन मीटरच्या आसपास, समुद्र साडेचार मीटरहून अधिक चढला. किमान ६,००० माणसे मेली, कदाचित त्याच्या दुप्पट. क्यूबातल्या हवामानतज्ज्ञांना या वादळाचा मार्ग वेगळा दिसत होता, पण त्यांचे म्हणणे अमेरिकन खात्याने मानले नव्हते. पाणी मागच्या उपसागरातून आणि समोरच्या समुद्रातून, दोन्हीकडून शहरात शिरले आणि मुख्य भूमीकडचे पूल गेले. मग समुद्र वर चढला. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा माढा, मोहोळ, करमाळ्याच्या वस्त्यांवर हेच घडले. आधी ओढा भरला, रस्ता गेला, मग घरात पाणी आले आणि लोकांना बोटींनी काढावे लागले.

आज इशारे नसतात असे नाही. विसर्गाची पत्रके निघतात, मोबाईलवर संदेश येतात, भोंगे वाजतात. पण ‘विसर्ग ६० हजार क्युसेक करण्यात येत असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे’ या वाक्यातून विजयपूरच्या कानडी वारकऱ्याला किंवा तेलंगणातून आलेल्या म्हातारीला काय कळणार? सोलापूर हे मराठी, कानडी आणि तेलुगू बोलणारे शहर आहे, इथला इशारा तिन्ही भाषांत असायला हवा. आणि तो आकड्यात नको, खुणेत हवा : ‘पहाटे पाचपर्यंत पाणी पुंडलिकाच्या पायरीला लागेल, आत्ता उठा आणि महाद्वार घाटावर या.’ पुंडलिकाच्या देवळाजवळ रंगाच्या पट्ट्यांचा, रात्री दिसणारा उंच खांब उभारायला फार पैसा लागत नाही.

बातमी पोचवणारी साखळीही तयार आहे. पालखीतल्या दिंड्यांना रथापुढचे आणि रथामागचे क्रमांक असतात, प्रत्येक दिंडीचा प्रमुख, विणेकरी आणि चोपदार ठरलेला असतो. माउलींच्या तळावर चोपदाराने दंड वर केला की हजारोंचा समाज क्षणात शांत होतो. धरणावरचा अधिकारी आणि हा चोपदार यांच्यामध्ये थेट फोन असावा. दिंडी क्रमांकानुसार कोण वाळूत आहे आणि कोण ६५ एकरांत आहे याची यादी रात्री नऊला तयार असावी. उजनीकाठच्या आणि देवबागच्या तंबूंना असा चोपदार नाही. तिथे तंबू भाड्याने देणाऱ्याच्या वहीत आलेल्या माणसाचे नाव, आधार क्रमांक आणि दिलेले पैसे लिहिलेले असतात. त्याच पानावर त्या रात्रीच्या भरतीची वेळ, वळवाचा इशारा आणि बाहेर पडायची वाट लिहून त्यावर पाहुण्याची सही घ्यायला दोन मिनिटे पुरतील.